मीटरमामा

मामांना गाडी बघायला न्यायचं असेल तर विकणाऱ्याला वेळ कळवायची नाही. वेळ कळली की तो माणूस अर्धा तास आधी गाडी सुरू करून ठेवतो, आणि मग आपल्यासमोर ती पहिल्या किकला सुरू होते. मामा गाडीजवळ गेले की आधी इंजिनाला उलटा हात लावतात, पोराला ताप आहे का बघावा तसा. इंजिन कोमट लागलं तर हात मागे घेतात, रुमालाला पुसतात आणि म्हणतात, "गार हुंदे. आम्ही चहा घेऊन येतो." मग आम्ही खरंच चहाला जातो. पाऊण तासाने परत येतो. तोवर विकणाऱ्याचा चेहरा गार झालेला असतो.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. अख्खी गल्ली त्यांना तोंडावर मामा म्हणते आणि माघारी मीटरमामा. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभ्याने त्यांची सगळी नोकरी झाली. केसाएवढा फरक बोटाला कळायचा, असं ते सांगतात आणि ते खरं असावं. पण त्या नोकरीने त्यांना एक खोड लावून ठेवली: दुसऱ्याने सांगितलेला आकडा त्यांना पटत नाही. गॅसचा सिलिंडर आणणारा पोरगा त्यांच्या दारात न मागता काटा काढतो. डॉक्टरने रक्तदाब सांगितला तर मामा विचारतात, "मशीन कवा तपासलं होतं?"

जुन्या मोटारसायकलींच्या बाजारात असा माणूस देवासारखा. कारण तिथे सगळा व्यवहारच एका आकड्यावर चालतो, आणि तो आकडा काचेच्या आत असतो. जुन्या गाड्यांत मीटरची केबल पुढच्या चाकातून वर येते. ती काढून ठेवली की गाडी पळते आणि मीटर झोपतो. हल्लीच्या डिजिटल मीटरला झोपवायला लॅपटॉप लागतो, एवढीच काय ती प्रगती. मामांचं यावरचं मत ठाम आहे. "मीटर म्हंजे मालकाचं म्हणणं. खरं काय ते गाडी सांगती."

गाडी त्यांना कसं सांगते, ते मी स्वतः पाहिलं आहे. २०१३ ची गाडी, मीटरवर २१,३४० किलोमीटर. विकणारा तरुण, नम्र. "चुलत्यांची गाडी आहे, मामा. घर ते बँक, बँक ते घर. शुक्रवारी अंबाबाईला. टायरसुद्धा शोरूमचेच आहेत." मामांनी मनात भागाकार केला. दहा वर्षं झाली होती. म्हणजे रोजचे सहा किलोमीटरही नाहीत. मग ते गुडघ्यावर बसले. पायठेवणीच्या रबराची नक्षी पार गेलेली. ब्रेकचा पायडल घासून चिल्लरीसारखा चकचकीत. मागच्या चकतीचे दाते कोयत्याच्या टोकासारखे एका अंगाला कललेले. पुढच्या टायरच्या कडेला चार आकडे असतात, ते त्यांनी थुंकी लावून पुसले: ३११९. म्हणजे २०१९ सालातला एकतिसावा आठवडा.

"तेरा सालची गाडी एकोणीस सालचा टायर घालून शोरूममधनं बाहेर पडली व्हय?"

पोरगा गप्प. मामा मागे गेले. सीटच्या खाली दोन्ही बाजूंचा रंग बरोबर एकाच उंचीवर खरवडलेला होता. त्यावरून त्यांनी अंगठा फिरवला.

"चुलते बँकेत किटल्या घेऊन जायचे काय रं?"

गाडी दुधाची होती. गावातून शहरात, सकाळ-संध्याकाळ, दोन्ही बाजूंना भरलेल्या किटल्या. पोराने कबूल केलं आणि वर दोन हजार कमी करतो म्हणाला. मामा उठले, त्याच्या पाठीवर थाप मारली. "चुलत्यांना नमस्कार सांग. लै कष्ट केलेत त्यांनी." आणि आम्ही मिसळ खायला गेलो.

असं अकरा गाड्यांचं झालं. एकीत धूर निळा निघाला, म्हणजे इंजिन ऑइल खातंय. एकीचा कोनसेट ढिला. एका गाडीच्या इंजिनाच्या बोल्टांवर पान्याचे ओरखडे होते, आणि मालक म्हणत होता इंजिन खोललेलंच नाही. सात मिसळी झाल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. मामांना गाडी पसंत पडणंच शक्य नव्हतं. पसंत पडली असती तर रविवार संपला असता.

एक मात्र मानायला हवं. मायलेज या शब्दाचा आपण केलेला घोळ त्यांनीच मला उलगडून दाखवला. गाडी आजवर किती पळाली तेही मायलेज आणि लिटरला किती पळते तेही मायलेज. पहिलं विचारलं की विकणारा मीटरकडे बोट दाखवतो. दुसऱ्याला आपण ॲव्हरेज म्हणतो, आणि ॲव्हरेज विचारलं की शंभर सीसीच्या गाडीवाल्यांचं महाराष्ट्रभर एकच उत्तर येतं: साठ. प्रत्यक्षात पंचेचाळीस भरले तर कारणंही सगळीकडे तीच. वारं समोरून होतं. टायरात हवा कमी होती. पेट्रोलच हलकं मिळतंय. आणि शेवटचा हुकमी पत्ता, "ॲव्हरेज चालवणाऱ्याच्या हातावर असतंय." हे वाक्य ऐकलं की मामा उठून चालू लागतात.

त्यांची स्वतःची रीत कडक आहे. टाकी फुल करून पुन्हा फुल करायची आणि भागाकार करायचा, हे त्यांना मान्य नाही. पंपावरचा पोरगा नळी कुठे थांबवतो यावर आपला हिशेब का अवलंबून ठेवायचा? मामा टाकी रिकामी करतात, कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोलसुद्धा काढून टाकतात. मग रेशनच्या दुकानातलं रॉकेलचं जुनं लिटरचं माप भरून ओततात, आणि चाळिशीच्या वेगाने गाडी बंद पडेपर्यंत जातात. अंतर मीटरवर मोजत नाहीत, हे ओघाने आलंच. हायवेच्या कडेचे किलोमीटरचे दगड मोजतात. परतीसाठी पिशवीत दुसरी बाटली असते.

बारावी गाडी मी चोरून घेतली. ऑफिसातल्या एका साहेबांची, आठ वर्षांची, अठ्ठावीस हजारांना. घरामागे ताडपत्रीखाली ठेवली. बाराव्या दिवशी संध्याकाळी मामा आले, ताडपत्री उचलली. मला वाटलं, आता इंजिनाला हात लावतील. त्यांनी लावला नाही.

"कागद कुणाच्या नावावर?"

"साहेबांच्याच आहेत अजून. पण सह्या झाल्यात, मामा. फॉर्म २९, फॉर्म ३०, सगळ्यावर. आणि इन्शुरन्स मार्चपर्यंत आहे. फुल. पन्नास टक्के बोनसवाला."

मामा पायरीवर बसले. बराच वेळ माझ्याकडे नुसतं बघत राहिले.

"हे बघ. आता तू कुणाला धडकलास, तर त्याचं कंपनी बघंल. थर्ड पार्टी गाडीबरोबर येती, कायदाच हाय तसा. पण तू खड्ड्यात गेलास, न्हाईतर गाडी चोरीला गेली, तर कंपनी इचारणार, आपण कोण? पॉलिसी साहेबाची, गाडी तुझी. कोण कुणाचं?"

"आणि बोनस?"

"बोनस माणसाचा असतोय, गाडीचा न्हवं. साहेबानं पाच वर्षं क्लेम केला न्हाई, ते त्याचं पुण्य. त्याच्या पुण्यावर तुला कशी सूट? फरक भरायला लागणार." मग आवाज खाली आणून, "किती दीस झालं घेऊन?"

"बारा."

"चौदा दिवसांत कळवायचं असतंय कंपनीला." असं म्हणून त्यांनी माझ्या घड्याळात पाहिलं, जणू तास मोजायचे होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आधी साहेबांना गाठलं. साहेब म्हणत होते, नाव काय, सावकाश करू. मामांनी त्यांना २०१८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. गाडी किती का हातांतून फिरेना, आरसीवर ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात. हे मामांनी कोर्टाच्या भाषेत नाही, उद्यमनगरच्या भाषेत सांगितलं. परिणाम असा झाला की आरटीओत साहेब आमच्या आधी पोचून रांगेत उभे होते.

एजंटकडची गोष्ट थोडक्यात सांगतो, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. पॉलिसी माझ्या नावावर करायचं काम अर्ध्या तासाचं होतं. पण मामांना मार्चनंतरचा आकडाही आताच हवा होता. नुसती थर्ड पार्टी घेतली तर किती? एजंट म्हणाला, ८४३. मामांनी खिशातून कागद काढला. २०२२ चं दरपत्रक, ७५ ते १५० सीसी, ७१४ रुपये. वर १८ टक्के जीएसटी.

"आठशे बेचाळीस रुपये बावन्न पैसे," मामा म्हणाले. "अठ्ठेचाळीस पैसे कशाचे?"

एजंटने दुसऱ्या गिऱ्हाइकाला पुढे बोलावलं.

त्यानंतरच्या रविवारी मामांनी पहिल्यांदा माझ्या गाडीला हात लावला. इंजिन गार होतं. किक मारली, डोळे मिटून आवाज ऐकला, आणि मी आयुष्यात त्यांच्या तोंडून न ऐकलेलं वाक्य ऐकलं: "चांगली हाय की रं. ही साठ देणार."

मला भरून आलं. माप भरून पेट्रोल ओतलं. निपाणीच्या दिशेला तीस दगड जायचं आणि तीस परत यायचं, म्हणजे बरोबर घराच्या कोपऱ्यावर गाडी थांबणार, असा हिशेब. दुसरी बाटली त्यांनी घेतली नाही. गाडीचा अपमान झाला असता, म्हणाले.

नऊ वाजता फोन आला. मागे ट्रकांचा आवाज.

"कुठं आहात, मामा?"

"गोकुळ शिरगावच्या हिकडं. एक्कावन्न झाले. मामीकडनं माप घे आणि ये."

"साठ म्हणाला होता."

"आरं, वारं समोरनं हाय. आणि टायरात हवा कुठं भरलीयास तू? पेट्रोल पण हलकंच घेतलंयस वाटतं." थोडं थांबून ते म्हणाले, "शेवटी कसं हाय, ॲव्हरेज चालवणाऱ्याच्या हातावर असतंय."

"चालवत तर तुम्हीच होता."

एक ट्रक गेला. मग दुसरा गेला.

"तू बाटली आण," मामा म्हणाले.