बजेटातली बंदूक

गणपतीला आलेल्या चाकरमान्यांचं यंदा मालवणात नवंच टुमणं: माकडं शहाळी फुकट घालवतात, रानडुकरं भात लोळवतात, तर स्वस्तातली एखादी सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेऊनच टाकूया. एकाने तर मोबाइलवर मॉडेलंही निवडून ठेवली होती. काका म्हणाले, "आणि परवानो कोण देतलो? तुझो मोबाइल?"

प्रश्न रास्त. असली रायफल आपल्याकडे निर्बंधित शस्त्रांत मोडते. पिकाच्या राखणीसाठी 1959चा शस्त्र कायदा नाव घेतो ते ठासणीच्या बंदुकीचं. नळीत दारू ओता, चिंधी कोंबा, गजाने ठासा, छर्रे सोडा, पुन्हा ठासा, टोपी बसवा. तोवर डुक्कर जेवून, हात धुऊन शेजारच्या कुणग्यात पोचलेलं असतं.

तीही सुखासुखी मिळत नाही. अर्ज ओरोसला जिल्हाधिकारी कार्यालयात, मग पोलिसांचा अहवाल, मग वाट पाहणं. हाती आलीच तर निवडणूक लागते आणि बंदूक ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. आचारसंहिता डुकरांना लागू नाही, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. शिवाय परवाना बंदुकीचा. डुक्कर मारायला 1972च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी वेगळी. बारूद ओली होईल, पण कागद कोरडे हवेत.

तेव्हा बजेट ठरवायचंच असेल, तर आधी ओरोसच्या एसटीचं आणि झेरॉक्सचं ठरवा.