नॉमिनी काका

कुणी गेल्याचं कळलं की बाकीचे विचारतात, "काय झालं होतं?" नॉमिनी काका विचारतात, "खाती कुठे कुठे होती?"

यात दुष्टपणा नाही. त्यांना खरंच वाईट वाटलेलं असतं. फक्त त्यांचं वाईट वाटणं कागदपत्रांच्या वाटेने बाहेर पडतं. स्मशानातून परतताना बाकीचे गप्प असतात, तेव्हा काका मनात मोजत असतात: मृत्यूचा दाखला, दहा प्रती, जास्तच घ्या, पुढे लागतात.

हा माणूस प्रत्येक सोसायटीत एक तरी असतो. आमचा डोंबिवलीचा आहे. खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक काळं, कारण काही ठिकाणी काळंच चालतं. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकचं फोल्डर, फोल्डरात घरातल्या प्रत्येकाच्या पॅन आणि आधारच्या झेरॉक्स, आणि प्रत्येक झेरॉक्सवर तिरक्या अक्षरात 'फक्त केवायसीसाठी'. सोसायटीत त्यांचं खरं आडनाव फक्त मेंटेनन्सच्या पावतीवर उरलं आहे.

काका बँकेत होते. तिथे बरीच वर्षं त्यांच्याकडे मृत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल होतं. कॅशचं टेबल माणसाला हिशेबी करतं, कर्जाचं संशयी करतं. या टेबलाने काकांना नॉमिनी काका केलं. दोन सख्खे भाऊ मधली खुर्ची रिकामी ठेवून बसलेले त्यांनी पाहिले. नवऱ्याचं खातं कुठल्या शाखेत आहे हे माहीत नसलेल्या, पण त्याला कुठल्या दुकानाचा चिवडा आवडायचा हे नक्की सांगू शकणाऱ्या बायका पाहिल्या. एकदा नॉमिनीच्या रकान्यातून असं एक नाव निघालं, की समोरच्या बाईंनी ते त्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं. पुढे काय झालं, हे काका कधीच सांगत नाहीत. "गोपनीयता असते," म्हणतात, आणि आपल्याला चहा गोड लागेनासा करून ठेवतात.

तेव्हापासून त्यांचं एकच ध्रुवपद: "नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे ताब्यात घेणारा. मालकी वारसांची." डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्या नॉमिनीबाबतही हेच सांगितलं, तेव्हा काकांनी ती बातमी कापून सोसायटीच्या फलकावर लावली. शेजारीच पाण्याची टाकी साफ करण्याची सूचना होती. टाकी साफ झाली, सूचना निघाली, बातमी अजून आहे.

लग्नाच्या रिसेप्शनला ते पाकीट देतात, नवरदेवाचा हात हातात घेतात आणि फोटोग्राफर 'इकडे बघा' म्हणत असताना त्याच्या कानात सांगतात, "पीएफला अजून आईचंच नाव असेल. फिरून आलात की पहिलं काम ते." फोटोत नवरदेवाचा चेहरा का तसा आलाय, हे त्याच्या बायकोला पुढे बरीच वर्षं कळत नाही. बारशाला ते 'नाव काय ठेवलं?' याच्या पाठोपाठ स्पेलिंग विचारतात. जन्मदाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं स्पेलिंग असलेलं मूल त्यांना अशक्त वाटतं.

त्यांचं पंचांगही वेगळं. इतरांचं वर्ष पाडव्याला सुरू होतं, त्यांचं 1 एप्रिलला. पाच तारखेच्या आत पीपीएफमध्ये दीड लाख भरायचे, कारण व्याज पाच तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिल्लकेवर धरतात. सहा तारखेला भरलेत तर तो महिना गेला. 4 एप्रिलच्या संध्याकाळी ते गेटशी उभे असतात आणि ऑफिसमधून येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, "भरले?" मग ज्येष्ठांचा टीडीएस न कापण्यासाठीचा फॉर्म. नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले. जिवंत माणसाने आपण जिवंत आहोत हे दरवर्षी लिहून द्यायचं, याचं इतरांना हसू येतं. काकांना त्यात काही गैर वाटत नाही. "मी टेबलावर होतो," ते म्हणतात, "नुसतं दिसण्यावर विश्वास ठेवून चालत नाही."

लोक त्यांना हसतात आणि मार्चअखेरीला त्यांच्याच दारात चपला काढतात. 2019 साली एका मोठ्या सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि टीव्हीवर रडणारे ठेवीदार दिसू लागले, तेव्हा आमच्या इमारतीत एकटे काका शांत होते. ठेवींवरचा विमा तेव्हा एका लाखाचा होता, म्हणून त्यांच्या सगळ्या ठेवी वेगवेगळ्या बँकांत, नव्वद-नव्वद हजारांच्या. फेब्रुवारी 2020 मध्ये मर्यादा पाच लाख झाली. लगेच त्यांनी पावत्या मोडून पावणेपाच लाखांच्या केल्या. पाचच्या का नाही? "विम्यात व्याजही धरतात. व्याजाला बसायला जागा नको?"

मग ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने 'उद्गम' हे पोर्टल काढलं. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी त्यावर शोधता येतात. काका पेटले. लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाला ते विचारू लागले, "तुमच्या सासऱ्यांची जन्मतारीख काय?" इमारतीतल्या झाडून सगळ्या मृतांची त्यांनी विचारपूस केली. बहुतेकांकडे काहीच निघालं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या एका आत्याचं मात्र खातं निघालं. रक्कम बेताचीच. पण ती आत्या अविवाहित होती, आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी राहिली, आणि त्या घरात तिचं नाव कुणी कित्येक वर्षांत काढलं नव्हतं. त्या रात्री तिचा फोटो शोधायला माळा उपसला गेला. काकांना याचं काय? ते विचारत होते, "दावा किती जणांच्या सहीने करणार?"

भावनांवर काकांचं मत ठाम होतं. भावना असाव्यात, पण रकान्यात बसाव्यात. 'तुझ्यावर प्रेम आहे' हे वाक्य त्यांनी संसारात कधी उच्चारलं नसावं. त्याऐवजी सगळ्या पावत्यांवर 'पत्नी' लिहिलं. बँकेच्या ठेवीला तेव्हा एकच नॉमिनी लावता यायचा, त्यामुळे विचार करायची वेळच आली नाही.

ती आली तुळशीच्या लग्नाच्या सुमारास. 1 नोव्हेंबर 2025 पासून बँक ठेवींना चार नॉमिनी लावता येऊ लागले, प्रत्येकाचा वाटा टक्क्यांत लिहून, बेरीज शंभर. लॉकरला मात्र एकामागून एक. काकांनी हा नियम इमारतीत घरोघरी समजावला. फराळ संपला होता, तरी लोकांनी ऐकून घेतलं. मग ते स्वतःचा फॉर्म भरायला बसले आणि मोबाइलवरचं बारीक वाचायला मला बोलावलं.

"लिही. पत्नी पन्नास, मुलगा पंचवीस, मुलगी पंचवीस. झालं."

झालं नव्हतं. मुलगा टोरांटोला. त्याच्या शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते काकांनीच फेडलेले. मुलगी नाशिकला, काकांच्या मोतीबिंदूच्या वेळी ती येऊन राहिली आणि दिवसातून सहा वेळा गजर लावून डोळ्यांत औषध घालत होती. "पण त्याचे टक्के कसे धरणार?" काका मला विचारू लागले. "आणि तो दर रविवारी फोन करतो, त्याचं काय?" मुलीला तीस केले, तर मुलाला कळल्यावर काय वाटेल? पंचवीसच ठेवले, तर मुलगी काही म्हणणार नाही. आणि तीच तर अडचण होती. तिने आजवर कधीच काही म्हटलं नव्हतं. सव्वीस आणि चोवीस लिहून पाहिलं. ते जास्तच वाईट दिसलं.

"चौथा रकाना रिकामाच ठेवू?" मी विचारलं.

काका थांबले. मग त्यांनी दापोलीकडच्या धाकट्या भावाचं नाव सांगितलं. याच भावाशी सामाईक बांधावरच्या फणसावरून त्यांचं बोलणं बंद आहे, हे सगळ्या इमारतीला माहीत. "पाच टक्के लिही." मी लिहिलं. "खोड." खोडलं. "दोन लिही." दोन टक्क्यांची रक्कम त्यांनी कागदावर काढली, बराच वेळ बघितली, आणि म्हणाले, "एवढे दिले तर त्याला अपमान वाटेल. शून्य दिले तर वाटणार नाही. सवय आहे."

काकू स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होत्या. हात पुसत बाहेर आल्या.

"माझे पन्नास कशाला? मला फॅमिली पेन्शन मिळेल तुमची. पोरांना द्या."

"अगं, असं नसतं. नॉमिनी हवाच. तुझ्या खात्यांना नाही का मी आहे?"

काकू काही बोलल्या नाहीत. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांचं काकूंचं वेगळं खातं आहे, त्याच्या पावत्या वेगळ्या आहेत, हे मला तेव्हा कळलं. काकांना मात्र एवढं जाणवलं की उत्तर यायला हवं होतं आणि आलं नाही.

"मीच आहे ना?"

"होतात. मी बदललं. भाचीचं नाव घातलं."

"कधी?"

"झाली की वर्षं. तुम्हीच सांगत फिरत होतात ना सगळ्यांना, नॉमिनी आपल्यापेक्षा वयाने लहान असावा, बरोबरीचा असून उपयोग नाही? म्हटलं, बरोबर आहे. मुलांची नावं तुमच्या पावत्यांवर येतीलच. त्या पोरीचं नाव कोण घालणार? फॉर्मही तुम्हीच आणून दिलात. डीए-तीन. शेजारच्या वहिनींना हवाय म्हणाले होते मी."

काका खुर्चीत मागे टेकले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. आता ते रागावतील की त्यांना वाईट वाटेल, मला काही कळेना. बराच वेळ त्यांचं बोट टेबलावरच्या फोल्डरच्या कडेवरून फिरत होतं.

"पोचपावती घेतली होतीस?" त्यांनी विचारलं.

"घेतली," काकू म्हणाल्या. "झेरॉक्सही काढलीय. तिरकं लिहून."