रॅलेकाका

रत्नागिरीत लोखंड टिकत नाही. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा. खिडकीचे गज दरवर्षी बारीक होत जातात, फाटकाची कडी एके दिवशी उघडणाऱ्याच्या हातात येते. शहाणा माणूस इथे जांभ्याचा चिरा वापरतो, लाकूड वापरतो, हात सैल असला तर स्टेनलेस स्टील. अशा गावात सत्तर वर्षांपूर्वीच्या लोखंडी सायकली जमवून त्या जपायचा छंद घेणारा माणूस एक तर कमालीचा आशावादी असला पाहिजे, नाहीतर निवृत्त. रॅलेकाका दोन्ही आहेत.

गावाची दुसरी अडचण म्हणजे चढ. मांडवी समुद्राला टेकलेली आणि मारुती मंदिर वर सड्यावर. पूर्वीही इथे सायकल म्हणजे येताना वाहन आणि जाताना सोबत. काकांच्या पडवीत आज नऊ सायकली आहेत आणि त्यांतल्या एकीवरही बसून काकांनी चढ चढल्याचं कोणी पाहिलेलं नाही. पण सायकल चालवणं हा त्यांचा छंद नव्हेच. चालवतो तर पेपरवालाही, असं ते म्हणतात. त्यांचा छंद ओळखण्याचा.

कुठे जुनी सायकल दिसली की स्थळ बघायला आलेल्या वरपित्यासारखे ते आधी कूळ काढतात. हँडल, सीट, घंटी यांकडे बघतही नाहीत. थेट उकिडवे बसतात आणि पायडलजवळच्या दातेरी चाकात डोकं घालतात. त्या चाकात बगळ्यांची डोकी असली तर रॅले, मूळ गाव नॉटिंगहॅम. धावती माणसं कापून काढलेली असली तर हंबर. त्यातून पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंनी दोन-दोन नळ्या निघाल्या तर भारीतली हंबर, आणि मग काका खिशातून चष्म्याची दुसरी जोडी काढतात. हाताचा पंजा असला तर रज. बीएसएच्या बिल्ल्यावर एकमेकींना टेकवून ठेवलेल्या तीन बंदुका, कारण ती कंपनी मुळात बर्मिंगहॅमची बंदुका करणारी. शेजारच्या मुलाने रजचा पंजा बघून "काका, ही काँग्रेसची का?" असं विचारलं, त्यानंतर त्याला पडवीत प्रवेश नाही.

मग तारा मोजायच्या. पुढच्या चाकाला बत्तीस, मागच्याला चाळीस. हा जुना विलायती हिशेब, आणि आपल्याकडच्या काळ्या सायकलींनी तो तसाच उचलला. सीटच्या चामड्यावर ब्रुक्सचा शिक्का उमटलेला दिसतो का, ते अंगठ्याने चाचपायचं. सीटच्या नळीवरचा नंबर रंगाच्या थरांखाली गाडलेला असतो. तो काढायला बांबूची कामटी, लोखंड लावायचं नाही. हे सगळं होईपर्यंत यजमानाचा चहा गार झालेला असतो. आणि मग निकाल. "पुढचा चिमटा हर्क्युलिसचा, दांडा रॅलेचा, हँडल अ‍ॅटलसचं. मागचं चाक... जाऊ दे."

त्या "जाऊ दे"चा अर्थ मागचं चाक हिरोचं. पतितपावन मंदिराच्या या गावात काका वाढले, भाचीच्या आंतरजातीय लग्नात पहिली अक्षता त्यांनी टाकली, पण बीएसएच्या दांड्याला हिरोचं पायडल लावलेलं त्यांना अजून बघवत नाही. घराघरांतून "आजोबांनी खास लंडनहून आणवलेली" म्हणून मिरवलेल्या कितीतरी सायकली त्यांनी बिल्ला घासून आसनसोलच्या ठरवल्या आहेत. तिथे १९५२ पासून सेन-रॅलेचा कारखाना होता आणि सायकली उत्तम निघत. पण आजोबा लंडनवरून आसनसोलला उतरले की नातवांचे चेहरेही उतरतात. काकांना पुन्हा बोलावलं जात नाही. यात त्यांना खंत नाही. सत्याला नातेवाईक नसतात असं ते म्हणतात, आणि त्यांचेही आता फारसे उरलेले नाहीत.

थिबा राजाची सायकल हे त्यांच्या कारकिर्दीतलं मोठं प्रकरण. एका भंगारवाल्याने निरोप पाठवला की राजवाड्यातली, खुद्द ब्रह्मदेशच्या राजाची सायकल मिळाली आहे. किंमतही राजाला शोभेल अशीच सांगितली. काका गेले, उकिडवे बसले आणि उभे राहिले. सायकल हर्क्युलिस होती, अंबत्तूरची. म्हणजे मद्रासच्या टी. आय. सायकल्सची, आणि ती कंपनी निघाली १९४९ मध्ये. थिबा राजा इथेच १९१६ मध्ये वारला. "राजेसाहेबांनी मरणोत्तर घेतली असेल," काका म्हणाले. भंगारवाल्याने लगेच किंमत निम्मी केली आणि राजाऐवजी राजकन्येची असेल, अशी तडजोड सुचवली.

ओळखण्यापेक्षा अवघड काम म्हणजे सायकल मिळवणं. कोकणात कोणी जुनी सायकल वापरत नाही, टाकत नाही आणि विकत तर नाहीच. ती गोठ्याच्या वळचणीला, सरपणाच्या मागे, माळ्यावर पातेल्यांच्या पलीकडे पडून असते. त्या घरात तिची आठवणही कोणाला नसते. पण काकांनी "देणार का?" एवढं विचारलं की त्याच क्षणी ती आजोबांची शेवटची खूण होते. म्हणून काका हल्ली थेट विचारत नाहीत. ते तेराव्याला जातात. दूरच्या ओळखीतलं कोणी गेलं तरी जातात, हळहळतात, आणि जेवणं उरकली की "घर बघू जरा, जुनं बांधकाम राहिलं नाही हो कुठे" असं म्हणत माळ्याच्या शिडीशी पोचतात.

पावसच्या बाजूला अशाच एका तेराव्याला त्यांना ती दिसली. रॅले, बगळे शाबूत, सळयांचे ब्रेक जागच्या जागी. मागच्या चाकाच्या हबवर हात फिरवला तर तो जाडजूड लागला. आत स्टर्मी-आर्चरचे तीन गिअर! या हबवर कारखान्यातच वर्ष ठोकलेलं असतं, पुष्कळदा महिनाही. काकांनी धोतराच्या सोग्याला थुंकी लावून घासलं आणि ५५ हा आकडा वर आला. एकोणीसशे पंचावन्न. आजोबा मुंबईला नोकरीला होते, बोटीने त्यांनी ती बंदरात उतरवली होती. त्या दिवशी दुःखाच्या घरात एकच माणूस हसऱ्या चेहऱ्याने पान खात बसला होता, असं लोक अजून सांगतात.

आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली. पण घर, आगर, विहीर आणि सायकल सामायिक. सातबाऱ्यावर जितकी नावं, तितके सायकलचे मालक. एक बोरिवलीला, एक डोंबिवलीला, दोन बहिणी पुण्यात, एक चुलत भाऊ बडोद्याला. गावातला वारस म्हणाला, "काका, माझी ना नाही. पण उद्या कोणी म्हणायला नको, मी परस्पर फुंकली." काकांनी वहीत सगळ्यांचे पत्ते उतरवून घेतले. मग चार वर्षं पत्रं, फोन, गणपतीत गाठी, शिमग्यात गाठी. बडोद्याच्या भावाने आगराच्या बांधाचा जुना वाद मिटल्याशिवाय सायकलला हो म्हणणार नाही, असं कळवलं. काकांनी मध्यस्थी करून तो बांधाचा वाद मिटवला. त्या घराण्यात तीन पिढ्या जे वकिलांना जमलं नव्हतं, ते बगळ्यांच्या ओढीने झालं.

तोवर बाकीच्या सायकलींचं काम चालूच होतं. या कामाचा काकूंना तेवढा त्रास. गंज आंबटाने सुटतो हे काकांनी कुठेतरी वाचलं होतं आणि घरात सगळ्यांत आंबट वस्तू म्हणजे काकूंनी वर्षासाठी भरलेली कोकमाच्या आगळाची बरणी. हंबरचं दातेरी चाक तिच्यात रात्रभर बुडालं. सकाळी ते आरशासारखं निघालं आणि संध्याकाळी पुन्हा लाल झालं. "आगळात मीठ असतं अहो," काकू म्हणाल्या, "समुद्राने केलं नसतं ते तुम्ही घरात केलंत." त्या वर्षी सोलकढी विकतच्या आगळाची झाली आणि काका लिंबूसत्त्वावर आले.

रंगाच्या बाबतीत त्यांचं धोरण मधे एकदा बदललं. आधी नवा रंग देत. काळ्या नळीवर सोनेरी बारीक रेघ मारायला हात स्थिर लागतो, म्हणून मिरकरवाड्यात होड्यांवर नावं घालणारा रंगारी बोलावला. रेघ त्याने अप्रतिम मारली, एका श्वासात. पण काका चहा सांगायला आत गेले तेवढ्यात, कोरी जागा बघवेना म्हणून त्याने मडगार्डवर कमळ आणि "दर्याचा राजा" काढलं. त्यानंतर काका मूळ रंगाचे पुरस्कर्ते झाले. आता ते रंगाला हात लावत नाहीत. गंजासकट आहे तसं तेलाने पुसून राखतात. काकूंनी विचारलं, "मग यात तुम्ही नेमकं काय केलंत?" काका म्हणाले, "काही केलेलं दिसत नाही ना? तेच केलं."

प्रत्यक्ष दुरुस्ती मिस्त्रीच करतो, हेही सांगायला हवं. त्याला बगळे, पंजे, नॉटिंगहॅम यांत काडीचा रस नाही. तो चाक फिरवतो, कान लावतो, चावी घेऊन दोन तारा आवळतो, एक सैल करतो आणि आउट निघालेला असतो. काका त्याला त्या सायकलचा इतिहास सांगत असतात तेव्हा तो छर्रे घासलेटात धूत असतो. "काका, कॉटर उलट्या बाजूने ठोकलात तुम्ही," एवढंच तो म्हणतो. विलायतेतल्या छांदिष्टांना जुन्या सायकलीचे टायर शोधत हिंडावं लागतं. इथे अठ्ठावीस बाय दीडचा टायर आणि कॉटर पिन अजून मिस्त्रीच्या फळीवर असते, कारण दूधवाल्याची सायकल अजून त्याच मापाची आहे. ही आपल्या देशाची श्रीमंती काका मोठ्या अभिमानाने सांगतात. मिस्त्री सांगतो की मुलगा गिअरच्या सायकली शिकलाय, दुकान बदलायचंय.

मध्यंतरी काका पुण्याला जाऊन कर्वेनगरचं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय बघून आले. तीन मजले सायकली. दुसऱ्या महायुद्धातली, पॅराशूटवाल्या सैनिकांसाठी केलेली बीएसएची घडीची सायकलसुद्धा. चार दिवस काका कोणाशी धड बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पडवीत तेलाचं फडकं फिरवता फिरवता म्हणाले, "पुण्यात काय हो, हवा कोरडी. तिथे कोणीही जपेल."

या गणपतीत पावसच्या घरी सगळे वारस एकत्र आले आणि शेवटची, डोंबिवलीकरांची सही मिळाली. सायकल टेम्पोतून काकांच्या दारी उतरली. काकांनी कूळ पुन्हा तपासलं, हबवरचा आकडा काकूंना दाखवला, हँडलवर हात ठेवला आणि थबकले. घंटी नव्हती. डोंबिवलीकरांनी सही करताना तेवढी काढून नेली होती. आजोबांची आठवण म्हणून दाराला लावणार आहेत म्हणे. आता दिवा पॅसेंजरचं तिकीट काढून झालंय. बरोबर फणसपोळ्यांचा डबा आहे, आणि डोंबिवलीत कोणाकडे बांधाचा वाद असला तर कळवा, असं काकांनी आधीच सांगून ठेवलंय.