गुन्हा कबूल, सोबत मनिऑर्डर

फौजदारी खटल्यात दोषारोप मान्य आहे की नाही, हे आरोपीने न्यायालयात उभे राहून सांगावे असा सर्वसाधारण नियम असला, तरी ज्यांना केवळ दंडाचीच शिक्षा सांगितली आहे अशा किरकोळ अपराधांपुरती कायद्याने त्याची पायपीट वाचवलेली आहे. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २०६, आणि १ जुलै २०२४पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २२९, यांनुसार दंडाधिकारी अशा आरोपीला विशेष समन्स धाडतात. गुन्हा कबूल असल्यास त्याने तसे लिहून, समन्सातच नमूद केलेल्या दंडासह, टपालाने किंवा कोणाच्या हाती पाठवावे. शिक्षेचा आकडा आधी आणि कबुली मागाहून, हा क्रम तर्कशास्त्राला खटकला, तरी टपाल हशिलाच्या दृष्टीने सोयीचा आहे.

वाहनांचे अपराध या व्यवस्थेतून वगळलेले आहेत, कारण त्यांच्यासाठी १९८८च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम २०८ याहून रसाळ सोय करते: आरोपीने गुन्हा कबूल करावा, रक्कम मनिऑर्डरने पाठवावी आणि कबुली मनिऑर्डरच्या कुपनावरच नोंदवावी. कुपन म्हणजे फॉर्मवरची, पैसे घेणाऱ्याला दोन ओळी लिहिण्यापुरती जागा. गिरणगावातल्या चाकरमान्यांनी याच जागेत कोकणातल्या घरी भातलावणीची चौकशी केली आणि म्हातारीच्या औषधाची आठवण दिली. हात असा वळलेला आरोपी ‘सर्व खुशाल, गुन्हा कबूल, लहानांस आशीर्वाद’ असे न्यायाधीशांना लिहून बसेल, हा धोका विधिमंडळींच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

खरी अडचण मात्र शैलीची आहे. कबुली स्पष्ट आणि बिनशर्त हवी, असे न्यायालये मानतात. आणि मराठी माणसाची लेखी कबुली ‘पण’शिवाय पूर्ण होत नाही. ‘फलक झाडाआड होता, पुढची गाडीही तशीच गेली, तथापि वाद नको म्हणून गुन्हा मान्य’ हे पत्र व्याकरणदृष्ट्या निर्दोष असले, तरी त्यावरून आरोपीला दोषी ठरवणे अवघड होते. गैरहजेरीत दोषी ठरवायचे की नाही हे किरकोळ अपराधांत दंडाधिकाऱ्यांच्या विवेकावर सोपवलेले असल्याने, ज्याची भाषा अधिक पल्लेदार त्यालाच प्रत्यक्ष हजर राहावे लागण्याची शक्यता अधिक.

आणि जो मुळातच निर्दोष आहे, त्याच्यासाठी टपालाची सोयच नाही. नाकबुली पाकिटातून जात नाही. तिला तारखेला स्वतः यावे लागते किंवा वकील द्यावा लागतो. परिणामी रजा, एसटीचे भाडे आणि वकिलाची फी एका बाजूला व पाचशे रुपयांचा दंड दुसऱ्या बाजूला मांडून कित्येक जण पश्चात्तापाने नव्हे, तर अंकगणिताने गुन्हेगार होतात. वाहतुकीच्या चलनांसाठी निघालेल्या आभासी न्यायालयांतही प्रस्तावित दंड भरणे किंवा खटला लढवणे, असे दोनच पर्याय पडद्यावर दिसतात. पहिला निवडल्यास प्रकरण पैसे भरून मिटते. दुसरा निवडल्यास ते नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते, आणि तिथली तारीख लागेपर्यंत आपण नेमके कशाबद्दल निर्दोष होतो हे आरोपीच्या लक्षात राहील, अशी हमी कोणतेही कलम देत नाही.