परवानगीचं वक्तृत्व

निजामाच्या राजवटीत जाहीर सभा भरवायची तर ‘गश्ती निशाण 53’ या परिपत्रकाप्रमाणे सरकारी परवानगी लागे. वक्तृत्वाचे असे कदरदान हैदराबादला पुन्हा लाभले नाहीत. चार माणसं एकत्र येऊन बोलली तर खरोखर काहीतरी घडेल, यावर पोलिसांचा जेवढा विश्वास होता, तेवढा जामबागेतल्या विवेकवर्धिनी शाळेच्या मास्तरांचाही नसावा. 1938 साली उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना तर विद्यापीठाने थेट बाहेरची वाट दाखवली. त्यांना प्रवेश दिला नागपूर विद्यापीठाने. समूहगीताची एवढी दखल पुढे कुठल्याच परीक्षकाने घेतली नाही.

सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आलं आणि शाळाशाळांतल्या वादविवाद मंडळांची पंचाईत झाली. बोलायला बंदी नाही, मग बोलायचं काय? विषय निघाला, ‘लेखणी श्रेष्ठ की तलवार’. श्रोते हजेरीपटाच्या धाकाने बसलेले. अनुकूल बाजूचा मुलगा वडिलांनी लिहून दिलेलं म्हणे, प्रतिकूल बाजूचा थोरल्या भावाने लिहिलेलं, आणि मधेच अडला की दोघेही ‘अध्यक्ष महाराज’पासून पुन्हा सुरुवात करत. प्रमुख पाहुणे ‘वेळेअभावी दोनच शब्द’ म्हणून पाऊण तास घेत. इशाऱ्याची घंटा फक्त मुलांसाठी होती.

आता भाग घेतला नाही तरी सहभागाचं प्रमाणपत्र मिळतं. मंडळं गप्प करण्याची ही युक्ती निजामाच्या दरबारात कुणालाच सुचली नव्हती.