कुकर एक, आखाडे दहा: डेबियनची पॅकेजेस बांधणाऱ्या नवशिक्यांसाठी

शिकवणी मार्चमध्ये घ्यावी आणि वसमतच्या शिवारात घ्यावी. तेव्हा हळद शिजवायचा कुकर या आखाड्यावरून त्या आखाड्यावर फिरत असतो. दहा घरं दहा कुकर घेत नाहीत. सामायिक फंक्शन म्हणजे हेच.

पायरी पहिली: एकच काम किती जागी चिकटवलंय ते मोजा. डेबियनमध्ये लोहित फाँटची भाषावार पॅकेजेस आहेत, मराठीचं वेगळं, नेपाळीचं वेगळं. प्रत्येक पॅकेजात काम तेच: फाइल उचला, जागेवर ठेवा. मराठीच्या स्क्रिप्टमध्ये नेपाळीचं नाव राहून गेलं, की सामायिक फंक्शनची वेळ झाली समजा.

पायरी दुसरी: ते आधीच कुणी लिहिलंय का बघा. लिहिलेलंच असतं. जोई हेसनं 1997 मध्ये पॅकेज बांधायच्या अशा सामायिक आज्ञांचा संच, डेबहेल्पर, काढला. 2008 मध्ये त्यात 'डीएच' ही आज्ञा आली आणि लांबलचक रूल्स फाइल तीन ओळींवर आली. तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला टॅबच हवा. आठ स्पेस दिल्या तर दिसतं अगदी तसंच, पण ती फाइल वाचणारं 'मेक' 'मिसिंग सेपरेटर' म्हणत बसकण मारतं. माझी अख्खी संध्याकाळ त्यात गेली, वर लाइटही गेली.

तिसरी पायरी स्वतः लिहायची, ती लागतच नाही. तरीही स्वतःचं फंक्शन लिहिणार असाल, तर व्हेरिएबलला अवतरणचिन्हं घाला. मी घातली नव्हती. 'हळदीचे फोटो' हे फोल्डर शेलनं दोन तुकड्यांत वाचलं आणि 'हळदीचे' नावाचं काही सापडत नाही म्हणून माझ्यावरच डाफरलं.

पायरी चौथी: चालत्या फंक्शनची चूक दुरुस्त करू नका. आमच्या कुकरचा काटा जास्त दाखवायचा. सगळे त्याच चुकीच्या आकड्यावर हळद उतरवायचे. काडी आरपार जायची, काम झालं. गेल्या साली एकानं पुण्य म्हणून नवा काटा बसवला. जुन्या आकड्याची वाट बघताना तिघांच्या हळदीचा लगदा झाला. डेबहेल्परनं यावर कंपॅट लेव्हल काढली. पॅकेजनं आपली लेव्हल सांगायची, समजा तेरा. नवी वागणूक पुढच्या लेव्हलला येते, जुन्या पॅकेजला जुनाच काटा दिसतो.

राहिली माहितीपुस्तिका. डेबहेल्परच्या प्रत्येक आज्ञेला मॅन पेज आहे. आमच्या कुकरचं मॅन पेज म्हणजे मामा, आणि मामा लग्नाला नांदेडला गेलेत.