वक्री मंगळ आणि आठ कला

अहो, ऐकलंत का? दौलतगंजातल्या त्या मुलीचं स्थळ परत गेलं! मुलगा इंजिनिअर, घर बरं, बोलणी अगदी याद्यांपर्यंत आलेली. आणि ऐन वेळी मुलाच्या आत्याबाईंनी पत्रिका पुढे ओढली. "मंगळ सातवा, आणि त्यातून वक्री!" मुलीच्या आईचा चेहरा असा पडला म्हणता... पोह्यांची बशी हातातच राहिली. तेवढ्यात धाकटा भाऊ बोलला. कॉलेजात फिजिक्स शिकतो, गप्प कुठला बसतोय! म्हणाला, "झाशीला जाताना डबऱ्याच्या पुढे आपली गाडी मालगाडीला ओव्हरटेक करते ना, तेव्हा ती मालगाडी मागे चालल्यासारखी दिसते. मंगळाचं तसंच. पृथ्वी आतल्या वाटेनं भरभर जाते, साधारण सव्वीस महिन्यांनी त्याला गाठते आणि पुढे निघून जाते. तो बिचारा सरळच चाललेला असतो." आत्याबाई म्हणाल्या, "आम्हाला नको शिकवू." आणि पदर सावरून उठल्याच हो!

पण मी म्हणते, त्या मंगळानं आत्याबाईंनाच कशाला, भल्याभल्यांना घोळात घेतलंय. तो ग्रहांचं गणित करणारा केप्लर नव्हता का, प्राहाला गेलेला, टायकोकडे? टायको म्हणजे तो डेन्मार्कचा आकाश बघणारा, नाक कापलेला. अहो, खरोखरीच कापलेलं! विशीत नात्यातल्याच एकाशी वाद झाला. गणित कुणाला जास्त येतं यावरून, म्हणे. तलवारी निघाल्या आणि नाकाचा तुकडा गेला. मग धातूचं नाक लावून हिंडायचा. चांदीचं आहे, असं लोक सांगत. २०१० साली थडगं उघडलं, नाकाचं हाड तपासलं, तर त्यावर खुणा पितळेच्या. अखेर पितळ उघडं पडलंच म्हणायचं!

तर काय सांगत होते... हां, केप्लर. टायकोनं दुर्बीण नसताना नुसत्या डोळ्यांनी वीस-पंचवीस वर्षं ग्रहांचे वेध घेतले, तेही एक-दोन कलांपर्यंत अचूक. पण ते आकडे दाखवील तर शपथ! जेवता जेवता बोलण्याच्या ओघात एखादा आकडा सुटला तर सुटला. केप्लरनं तशी तक्रारच केली होती. आणि कामाला काय दिलं? मंगळ! हा पठ्ठ्या म्हणे, आठ दिवसांत सोडवतो. गेली की पाच-सहा वर्षं! मधेच १६०१ मध्ये टायको वारला. वारस हिश्श्याच्या गडबडीत, तोवर यानं वह्या उचलल्या. पुढे स्वतःच कबूल केलंय हो, मी काही पदरचं सांगत नाही.

खरी मजा पुढेच आहे. वर्तुळं पुन्हा पुन्हा मांडून यानं मंगळाचं गणित जमवलं, तर चूक उरली आठ कलांची. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. आकाशात पुनवेचा चंद्र दिसतो ना, त्याची रुंदी तीस कला. म्हणजे त्याच्या जेमतेम पाव भागाएवढी चूक. तुम्ही-आम्ही म्हणालो असतो, जाऊ दे, एवढं चालतं. हा म्हणाला, टायको एवढा चुकणार नाही, माझं वर्तुळच चुकलंय. दोन हजार वर्षांची वर्तुळं टाकली आणि लंबवर्तुळ घेतलं! सूर्य मधोमध नाही, एका बाजूला. ग्रह सूर्याजवळ आला की भरधाव, लांब गेला की रेंगाळतो. १६०९ मध्ये छापलं. हे असं का, ते न्यूटननं १६८७ मध्ये सांगितलं, पण कळ लावली ती या आठ कलांनी.

आता म्हणाल, आपल्याकडे काय होतं? अहो, आपल्या कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ! १५२० मध्ये ग्रहलाघव लिहिला. ज्या-कोज्यांची, म्हणजे साइन-कोसाइनची, कटकटच काढून टाकली, सोप्या गणितात ग्रह बसवले. जोशीमंडळी खूश. तीनशे वर्षांहून जास्त काळ घरोघरची पंचांगं त्यावरच चालली. पण थोडी थोडी चूक साचत जाते हो... केरोपंत छत्र्यांनी युरोपी ग्रंथांच्या आधारे १८६०ला ग्रहांची कोष्टकं काढली, मग आबासाहेब पटवर्धनांच्या पाठबळानं पटवर्धनी पंचांग निघालं. तेव्हा शास्त्रीमंडळींची तोंडं पाहायला हवी होती! आजोबा-पणजोबांचे सणवार काय चुकीच्या दिवशी झाले? पुढे टिळक पडले त्या वादात. आणि बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर, त्यांनी तर १९११ मध्ये नेपच्यूनच्या पलीकडच्या ग्रहाचं भाकीत फ्रान्समध्ये छापून आणलं. प्रदक्षिणेला सुमारे २४२ वर्षं. १९३० मध्ये प्लूटो सापडला, त्याची निघाली २४८. आकडे जवळ आले, त्याला योगायोग म्हणतात. म्हणोत बापडे! आम्ही तर सांगणार.

तर काय सांगत होते... आपल्या ग्वाल्हेर संस्थानाचं राहिलंच की! उज्जैन आपलंच ना, शिंद्यांचं. ग्वाल्हेरचं लष्कर शहर वसायच्या आधी गादी तिथेच. तिथली वेधशाळा मात्र जयपूरच्या सवाई जयसिंगांची, १७२५-३०च्या सुमाराची. पितळी यंत्रं लहान, आस झिजतात, म्हणून त्यांनी विटा-चुन्याची यंत्रं बांधली. पोर्तुगालला माणसं धाडून ला हीर नावाच्या फ्रेंच खगोलज्ञाची कोष्टकं मागवली आणि आपल्या वेधांशी ताडून पाहिली. चंद्र अर्धा अंश चुकलेला! तीस कला हो, अख्ख्या चंद्राएवढी चूक. ती कोष्टकं घेऊन आलेल्या पाद्र्यांची तोंडं काय झाली असतील!

पुढे वेधशाळेकडे कुणी बघेना. शेवटी नारायणजी व्यास आणि आपले गोविंद सदाशिव आपटे यांनी शिफारस केली, माधवराव शिंदे महाराजांनी १९२३ मध्ये सगळी दुरुस्त करवली. आपटे पहिले अधीक्षक. १९४२पासून तिथून ग्रहांचं पंचांग छापून निघतं. गेलात तर नाडीवलय यंत्र नक्की बघा. उत्तरेच्या तबकडीवर सहा महिने ऊन, दक्षिणेच्या तबकडीवर उरलेले सहा. सूर्य कुठल्या गोलार्धात आहे ते उभ्या उभ्या कळतं.

अरे हो, केप्लरच्या आईचं सांगायचंच राहिलं! शेजारणीशी बिनसलं, तिनं बोभाटा केला की म्हातारीनं मला कडू काहीतरी पाजलं, तेव्हापासून मी आजारी. झाली की चेटकीण! सत्तरी उलटलेल्या बाईला चौदा महिने साखळदंडात ठेवलं. मुलगा स्वतः खटला लढला, १६२१ मध्ये सोडवून आणलं. खटल्याच्या त्याच धामधुमीत ग्रहांचा तिसरा नियमही छापला, प्रदक्षिणेच्या काळाचा वर्ग नि अंतराचा घन, तो. बघा, एका शेजारणीच्या तोंडानं काय होतं! तिनं काही टायकोसारखं ताडून पाहिलं नव्हतं. आपलं तसं नाही हो, आपण पक्की खात्री केल्याशिवाय बोलत नाही. बरं, समोरच्यांकडे काल रात्री साडेदहाला कोण आलं होतं, पाहिलंत का?